बाहेर बसणाऱ्यांना सांगायचं वाक्य

त्या कचेरीत पहिल्या वर्षाच्या शिकाऊ सॉलिसिटरला नाव नसायचं. मुलगा असला तर ‘नवा’, मुलगी असली तर ‘नवी’. पुढच्या वर्षी आणखी कुणी शिकायला आलं की मग कुठे आधीच्याला त्याचं नाव परत मिळायचं. यंदाची नवी हुशार होती. परीक्षेत वरच्या नंबरात आलेली, कॉलेजात वादविवादाची ढाल पटकावलेली. तिला ही जागा मिळाली तेव्हा तिच्या आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं की आता आमची लेक भल्याभल्यांची बोलती बंद करणार. प्रत्यक्षात पहिले काही महिने तिने जे बंद केलं ती होती पाकिटं.

कचेरी चपलांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होती. जिन्यात कायम नव्या चामड्याचा वास. वर आलं की बाहेरची खोली, तिच्यात टायपिस्टबाईंचं टेबल आणि आल्यागेल्यासाठी एक सोफा, इतका खचलेला की बसलेला माणूस उठताना एकदा तरी ‘अरे देवा’ म्हणायचाच. त्यापलीकडे आतली खोली. नवीचं टेबल या दोन्हींच्या मधल्या बोळकांडीत, कपाटाला खेटून. तिथे बसून ती कागदांच्या गठ्ठ्यांना भोकं पाडायची, दोरी ओवायची, पानांवर क्रमांक घालायची. सगळे क्रमांक घालून झाले की आतून हाक यायची, ‘अगं, एक पान राहिलंय, मध्ये घालायचंय.’ मग सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून. आणि खरं सांगायचं तर तिला हे आवडत होतं. गठ्ठा नीट जमला, कडा एका रेषेत आल्या, की ती त्यावर हलकेच थाप मारायची. ढाल मिळवलेल्या मुलीला असलं काम आवडतं हे कबूल करायला जरा लाज वाटते, म्हणून ती कुणाला बोलली नव्हती एवढंच.

घरी तर बोलायची सोयच नव्हती. आई रोज विचारायची, “आज काय केलंस गं?”

“सांगता येत नाही, आई. गुप्तता असते.”

त्यावर आईचा चेहरा असा उजळायचा की विचारू नका. लेकीच्या हातून काहीतरी थोर घडतंय याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. धाकटा भाऊ मात्र जेवता जेवता म्हणायचा, “पाकिटं चिकटवली असतील.” पोरगं नेमकं वर्मावर बोट ठेवायचं. शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या अंगणात येतात म्हणून काका दर भेटीत सल्ला मागायचे. ‘मी अजून शिकतेय, काका’ म्हटलं की ते खूश होऊन म्हणायचे, “मग तर फुकटच सांगशील!”

कचेरी बाईंची. बाई म्हणजे तिथल्या मुख्य सॉलिसिटर. चण लहान, आवाज बारीक, आणि समोरचा थापा मारायला लागला की त्या काही न बोलता चष्मा पुसायला घ्यायच्या. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी सख्ख्या भावाच्या कामातही मोडला नव्हता म्हणे. कागदावर ज्याची सही, आतल्या खोलीत तोच. सोबत आलेला मुलगा, सून, जावई, भाचा, कुणी का असेना, त्याने बाहेर बसायचं. म्हाताऱ्या माणसाला आत एकटं बसवून बाई शांतपणे विचारायच्या, ‘हे तुमच्या मनातलं आहे ना? की कुणी करायला लावतंय?’ सोबतचा माणूस शेजारी कोपर धरून बसला असेल तर या प्रश्नाचं खरं उत्तर मिळत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

आणि या बाहेर बसवलेल्या माणसांना सांभाळणं हे नवीचं काम. पाणी द्यायचं, गप्पा मारायच्या, कुणी दाराला कान लावू लागला तर त्याला खिडकीतून रस्ता दाखवायचा. पण सगळ्यात आधी एक वाक्य म्हणायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी ते तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. ‘मी आतल्या माणसाच्या बाजूने काम करते, तुमच्या नाही. माझ्याशी जे बोलाल ते आत जाईल. तुम्हाला सल्ला हवा असेल तर तुमचा वेगळा वकील बघा.’ त्यानंतर हवं तर हवापाण्याच्या गप्पा. वाक्य ऐकलं की बहुतेक माणसं गप्प व्हायची. नवीला ते म्हणताना सुरुवातीला कसंसंच व्हायचं. समोरच्याला धड बसूही दिलं नाही आणि लगेच तोंडावर दार लावलं, असं वाटायचं.

हिवाळ्यात एक भाचा आला होता. मामाच्या पाठीवरून हात फिरवत, गोड गोड बोलत. बाहेर बसल्यावर सारखा म्हणायचा, ‘लवकर होऊ दे हो, मामांना बसवत नाही.’ आत मामा रडले. त्यांना काहीच लिहून द्यायचं नव्हतं. तेव्हापासून नवीच्या मनाने घेतलं की घाई करणारा नातेवाईक म्हणजे दाल में काला. आता नव्याने शिकणाऱ्यांचं असंच होतं. वैद्यकीच्या पोरांना पहिल्या वर्षी प्रत्येक खोकल्यात क्षय दिसतो, तसा हिला प्रत्येक मुलगा-मुलीत चोर दिसू लागला.

अशात आले चष्मेवाले आजोबा. चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांचंच होतं, आता बंद केलेलं. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची मुलगी राहायचे. आजोबांना आपलं घर मुलीला बक्षीसपत्राने द्यायचं होतं. अट एकच. तिने तिथेच राहायचं, घर सोडून गेली तर बक्षीस रद्द. मुलगी सोबत आली होती. पन्नाशीकडे झुकलेली, उंच, केस मागे घट्ट बांधलेले, आणि बोलायला फटकळ. गावातल्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायची. राजांचे अंगरखे आणि भिकाऱ्यांच्या चिंध्या दोन्ही तिनेच शिवायच्या.

पहिल्या भेटीत आजोबांना काही विचारलं की उत्तर मुलगीच देऊन टाकायची. वय? तिने सांगितलं. पत्ता? तिनेच सांगितला. आजोबा तोंड उघडेपर्यंत वाक्य संपलेलं असायचं. बाहेर बसल्यावर नवीने आपलं वाक्य म्हटलं, तशी ती गप्प झाली. पण उठताना पुटपुटली, “सही लवकर झाली तर बरं. शुक्रवारच्या आत होईल ना?”

झालं. नवीचे कान टवकारले. माणसं गेल्यावर ती तडक आत गेली. “बाई, ती मुलगी घाई करतेय. वडिलांना बोलूही देत नाही. मला दबाव वाटतो.”

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. “लक्ष ठेवलंस, चांगलं केलंस. आपण आज सही घेतलेली नाहीच. मी त्यांना पुन्हा एकटं विचारते.”

या एका ‘चांगलं केलंस’वर नवी तरंगतच घरी गेली. आईला काही सांगता येत नव्हतं, पण जेवताना एक घास जास्त गेला.

गुरुवारी दोघं पुन्हा आली. बाई आजोबांना घेऊन आत गेल्या. दार लागलं. टायपिस्टबाई बक्षीसपत्राची शेवटची प्रत काढायला बसल्या. सोफ्यावर आजोबांची मुलगी, समोर खुर्चीवर नवी. आणि नवीने ते वाक्य म्हटलं नाही.

विसरली नाही हं. मुद्दाम म्हटलं नाही. तिचा हिशोब सोपा होता. वाक्य ऐकलं की ही बया पुन्हा तोंडाला कुलूप लावणार. त्यापेक्षा मोकळं बोलू द्यावं, आपोआप बोलून जाईल, आणि मग आपण आत जाऊन सांगू. त्या क्षणी नवीला आपण फार मुरलेल्या सॉलिसिटर आहोत असं वाटलं, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.

“थंडी आहे ना, ताई?” तिने अगदी साळसूदपणे सुरुवात केली.

ताईंचं लक्ष हवेकडे नव्हतं. त्या नवीच्या बाहीकडे बघत होत्या. “तुझ्या कोटाचं अस्तर निघालंय.”

“हो, कधीपासून. आईने घेतला होता, जागा मिळाली तेव्हा. राहूनच जातंय.”

“काढ.”

“अहो, नको.”

“काढ म्हणते ना. मला असं लोंबणारं काही बघवत नाही.” ताईंनी पिशवीतून सुईदोऱ्याची डबी काढली. नवीने कोट काढून दिला. त्यांनी तो उलटा करून मांडीवर घेतला, अस्तराची कड अंगठ्याने दुमडली आणि टाके घालायला लागल्या. टाके इतके बारीक की दिसतही नव्हते. हात कामात गुंतले आणि त्यांचा आवाज निवळला. काही माणसांचं असतं तसं, हात रिकामे असले की बोलता येत नाही.

“आज सही झाली की सुटले बाई एकदाची,” त्या म्हणाल्या.

आलं जाळ्यात, नवी मनात म्हणाली. वरवर म्हणाली, “सुटलात म्हणजे?”

“उद्या उत्तर द्यायचंय ना. मोठ्या नाटकघरातून फोन आला होता, दुसऱ्या शहरातून. अख्खा कपडेपट माझ्या हाताखाली देतायत. शिवणारी माणसं, मोठ्या खिडक्या, कापायला वेगळं टेबल. इथे मी जमिनीवर बसून कापते गं, इतकी वर्षं.” त्यांनी दोरा ओढला. “सही झाली की मी त्यांना नाही म्हणून कळवणार. घर माझं झालं, घरातच राहायचं ठरलं, संपलं. मग विचार करायला नको. रात्री डोळ्याला डोळा लागत नाहीये माझा.”

जाळ्यात कुणी सापडलंच नव्हतं. ही बाई घर मिळवायला घाई करत नव्हती. नाटकघर हातातून जातंय हे एकदाचं कायमचं होऊन जावं म्हणून घाई करत होती.

“तुम्ही हे आजोबांना सांगितलंय?”

“छे. त्यांना सांगून काय करू? आई गेल्यापासून ते माझ्याच तोंडाकडे बघून जगतायत. इतक्या प्रेमाने देतायत. कसं सांगू?” सुई थांबली. ताईंनी मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, “तू शिकलीयस म्हणून विचारते. बक्षीस नको म्हणता येतं का गं?”

येतं. नवीला हे झोपेतही सांगता आलं असतं. घेणाऱ्याने स्वीकारलं नाही तर बक्षीस पुरं होतच नाही. परीक्षेत याच प्रश्नावर तिने पुरवणी लावली होती. उत्तर जिभेच्या टोकावर आलं आणि तिथेच अडकलं, कारण हे उत्तर द्यायचा तिला अधिकार नव्हता. ती आतल्या माणसाच्या बाजूची. आणि समोरच्या बाईने मनातलं सगळं तिच्यापुढे ठेवलं होतं, ते मात्र ती आपल्या बाजूची आहे असं समजून. वर तिचाच कोट मांडीवर घेऊन. नवीचे कान लाल झाले. इतकी शरम तिला कधीच वाटली नव्हती, आणि ती तिला वाटायलाच हवी होती.

“एक मिनिट हं, ताई,” म्हणून ती उठली आणि आतल्या दारावर टकटक केली.

बाई दार ओढून घेत बोळकांडीत आल्या. “काय गं? मी कागद वाचून दाखवतेय त्यांना.”

“बाई, मला बाहेर काही कळलंय. महत्त्वाचं आहे. पण…” नवीने बंद दाराकडे पाहिलं. “मी वाक्य म्हटलं नव्हतं.”

“विसरलीस?”

“नाही. मुद्दाम. मला वाटलं, त्या मोकळेपणाने बोलतील आणि पकडल्या जातील.”

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. ते जास्त वाईट होतं. “मग तू ऐकलंयस ते मला सांगू नकोस. एक अक्षर नाही. फसवून काढलेलं बोलणं मी माझ्या टेबलावर घेत नाही.”

“पण बाई, सही झाली तर…”

“सही होणारच आहे. माझा पक्षकार शुद्धीवर आहे, शहाणा आहे, एकटा आहे, आणि मी त्याला दोनदा विचारलंय. त्याला थांबवायला माझ्याकडे कारण नाही.” त्या थोड्या मऊ झाल्या. “परत जा. वाक्य म्हण, आत्ता. ते का म्हटलं नव्हतंस तेही सांग. मग त्यांना पुन्हा बोलायचं असेल तर बोलतील. नसेल तर त्यांची मर्जी. साक्षीदार यायला जेवढा वेळ लागेल तेवढा आहे तुझ्याकडे.”

साक्षीदार म्हणजे खालचे चपलांचे दुकानदार. कचेरीत सही असली की टायपिस्टबाई खिडकीतून हाक मारायच्या आणि ते गिऱ्हाइकाला ‘आलोच’ म्हणून वर यायचे. दुसऱ्या साक्षीला टायपिस्टबाई स्वतः. त्यांनी आत्ताच खिडकी उघडली होती.

नवी परत आली, पण खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच, शाळेत शिक्षा झाल्यासारखी, म्हणाली, “ताई, मी आजोबांच्या बाजूने काम करते, तुमच्या नाही. माझ्याशी जे बोलाल ते आत जाईल. तुम्हाला सल्ला हवा असेल तर तुमचा वेगळा वकील बघा.”

ताईंची सुई हवेतच राहिली. “म्हणजे मी आत्ता जे बोलले…”

“ते मी आत सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. मी हे आधी म्हणायला हवं होतं. मुद्दाम म्हटलं नाही.”

“मुद्दाम का?”

“मला वाटलं, तुम्ही घरासाठी घाई करताय. मला तुम्हाला पकडायचं होतं.”

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग मांडीवरच्या कोटाकडे. “वा,” त्या म्हणाल्या. “मी इथे तुझं अस्तर शिवतेय, आणि तू माझं उसवत बसलीस होय!” आवाज चढला नाही, पण नवीला वाटलं, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझं चुकलं, ताई.”

ताईंनी टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती. कोट घडी करून सोफ्यावर ठेवला आणि डबी बंद केली. आता हात रिकामे झाले होते. जिन्यात पावलं वाजली. दुकानदार हात पुसत वर आले आणि नेहमीच्या उत्साहात म्हणाले, “आज कुणाची सही? मी तयार आहे बुवा!” टायपिस्टबाई प्रत घेऊन उठल्या. दोघं बोळकांडीतून आतल्या दाराकडे निघाली.

नवी काही बोलली नाही. बोलायचं तर तिच्याकडे खूप होतं, ढाल उगाच मिळाली नव्हती. पण आत्ता तिच्या तोंडून निघालेला कुठलाही शब्द या बाईला एका बाजूला ढकलणारा ठरला असता. ती हात बांधून उभी राहिली, आणि गप्प राहणं किती अवघड असतं हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“आता मी बोलले तर ते आत जाईल?” ताईंनी विचारलं.

“हो.”

“तू जाऊन सांगणार?”

“मी सांगेन, नाहीतर बाई.”

“नको.” ताई सोफ्याच्या कडेला हात टेकून उठल्या. “तुझ्यावर विश्वास नाही माझा आता. माझं मीच सांगते.”

त्या दुकानदारांना ओलांडून पुढे गेल्या आणि दारावर थाप मारली.

दार उघडलं. बाईंनी आधी आजोबांना विचारलं, “मुलीला आत घेऊ का? तुमची इच्छा असेल तरच.”

“ये म्हणावं की,” आजोबा आतून म्हणाले. “तिच्यासाठीच तर चाललंय.”

दार उघडंच राहिलं. साक्षीदार दारात खोळंबले, आणि त्यांच्या मागे नवी, नुसत्या शर्टावर. टेबलावर बक्षीसपत्र, त्यावर पेन आडवं ठेवलेलं. आजोबा ताठ बसले होते, दाढी करून, धुतलेला सदरा घालून.

“बाबा, मला घर नको,” ताई म्हणाल्या.

“नको म्हणजे?”

“नको. तुमचं आहे, तुमच्याकडेच राहू दे.”

आजोबांचा चेहरा लालबुंद झाला. “लोकांच्या पोरी घरासाठी कोर्टात भांडतात, आणि आमची म्हणते नको! अगं, मी काय मागतोय तुझ्याकडे? राहा म्हणतोय फक्त!”

“तेच तर मागताय.” आणि मग त्यांनी सांगितलं. नाटकघर, फोन, खिडक्या, टेबल. सोफ्यावर सांगितलं होतं तसं मऊ नाही. अडखळत, मध्येच थांबत, एकदा तर ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून मागे फिरण्याच्या बेतात येऊन. पण सांगितलं सगळं.

“मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“आता विचारतो.” आजोबांचा आवाज अजून रागातच होता. “जायचंय तुला?”

ताईंनी बाईंकडे पाहिलं नाही, नवीकडे पाहिलं नाही. “हो,” त्या म्हणाल्या.

आजोबांनी पेन उचललं, टोपण शोधलं, लावलं, आणि बाईंकडे वळले.

“बाई, तुम्ही मला दोनदा विचारलंत, कुणी दबाव आणतंय का म्हणून. मी म्हटलं, कुणी नाही. खोटं नव्हतो बोललो. माझ्यावर कुणीच आणत नव्हतं.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “मीच आणत होतो. ही गेली की घरात माझ्याशी बोलायला भिंती उरतील. भीती वाटते मला. म्हणून म्हटलं, घर देऊन टाकावं, मग कशी जाईल.”

ताईंनी तोंडावर हात धरला. नवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रुमाल कोटाच्या खिशात राहिला होता.

“मलाही हे विचारायला सुचलं नाही,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी असं म्हटलेलं कचेरीत पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

“फाडून टाका तो कागद.”

“आम्ही कागद फाडत नाही हो आजोबा. फाइलला लावतो.”

“लावा मग. इतक्या लोकांना वर बोलावलंत, काहीतरी लावायला नको?” आजोबा म्हणाले, आणि दुकानदार खो खो हसले. मग सगळ्यांनाच हसू आलं, ताईंनाही, डोळे पुसता पुसता. आज साक्ष नाही तर निदान पाणी तरी पिऊन जातो म्हणत दुकानदार बसले, आणि बसले ते नेमके सोफ्यावर. त्यांना उठवायला टायपिस्टबाईंना हात द्यावा लागला.

बाईंनी नवीला एवढंच म्हटलं, “फाइलवर तूच लिही आज. तुझी चूक धरून, सगळं.” नवीने मान हलवली. लिहायला बराच वेळ लागणार होता, आणि नवल म्हणजे तिला त्याचं ओझं वाटत नव्हतं. दिवसभरात पहिल्यांदा छातीवरून काही उतरल्यासारखं झालं होतं. या कचेरीत आपण टिकणार, तिला वाटलं, आणि टिकावंसंही वाटलं.

ती कोट घ्यायला बाहेर आली तेव्हा बापलेक निघायच्या तयारीत होते. आजोबांनी आपला लांब गरम कोट अंगावर चढवला होता. ताई सवयीने पुढे झाल्या आणि त्यांनी गळ्याशी बटणाला हात घातला.

आजोबांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला. “राहू दे. मला सवय करू दे.”

ताई मागे सरकल्या. आजोबांची बोटं जाड झाली होती. एक बटण लागायला बराच वेळ गेला, दुसऱ्याला त्याहून जास्त. नवी दार धरून उभी राहिली. शेवटचं बटण लागलं तेव्हा एक काज वर उरलं होतं आणि कोटाची एक बाजू खाली लोंबत होती.

“जमलं की नाही?” आजोबांनी विचारलं.

ताईंनी त्या कोटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “जमलं, बाबा,” त्या म्हणाल्या, आणि त्याला हात न लावता त्यांच्या मागोमाग जिना उतरू लागल्या.